बाळाचं ताट

मला पुस्तकात रक्त लागतं. गोड शेवटाची कादंबरी कुणी प्रेमानं आणून दिली, तर ती मी अर्ध्यावर टाकते आणि देणाऱ्याबद्दल माझं मत कायमचं वाईट होतं. शिरवळला एका कारखान्यात मी पॅकिंग विभाग सांभाळते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की पिशवीतून पुस्तक काढते. बाकीच्या बायका तेवढ्या वेळात कानात भजनं लावतात, लसूण सोलतात, नाहीतर तोंड उघडं टाकून झोपतात. एकदा शेजारच्या बाईनं विचारलं, "काय वाचताय मॅडम? आध्यात्मिक वाटतंय." मुखपृष्ठावर समईचं चित्र होतं, त्यानं ती फसली. मी म्हटलं, "व्हय. एका बाईनं नवऱ्याचं काळीज परतून सासूला वाढलंय. सासू आणखी मागतीया." तेव्हापासून माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच असते. पिशवी ठेवायला बरी पडते.

बाईमाणसाला हे असलं कसं वाचवतं, असं लोक विचारतात. बाईमाणसानं काय वाचावं याची यादी त्यांच्याकडे तयार असते, ती मी कधी मागितली नाही. माझं माहेर कवठे महांकाळकडचं, कोरडवाहू. आमच्या शेजारी मेंढरं पाळणारं घर होतं. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि कळपात दुसरं पोरकं कोकरू असलं, की मेलेल्याचं कातडं सोलून ते पोरक्याच्या अंगावर बांधायचे. मेंढी हुंगायची, आपल्याच लेकराचा वास आला म्हणून दूध पाजायची. मी कुंपणापाशी उभी राहून बघायची आणि घरी येऊन भाकरी खायची. कॉलेजात असताना माणसाचं कातडं पांघरून घरात शिरणाऱ्या भुताची एक कादंबरी आम्ही मैत्रिणींनी आळीपाळीनं वाचली. त्या कितीतरी दिवस दिवा न विझवता झोपल्या. मला एवढंच वाटलं, की लेखकानं मेंढरं पाळलेली दिसत नाहीत. ओलं कातडं निसटतं, ते सुतळीनं आवळावं लागतं. हे त्यानं कुठंच लिहिलं नव्हतं.

भयकथा वाचून मला भूक लागते. पुराणातल्या कथा वाचून मात्र संताप येतो. गुरू शिकवत काहीच नाही आणि अंगठा मागतो. आई एकामागून एक तान्ही लेकरं नदीत सोडते आणि बाप काठावर उभा राहतो, कारण तोंड उघडायचं नाही असं वचन देऊन बसलाय. पुढं प्रत्येक वेळी कुणीतरी समजावतं, की त्यात फार मोठं कारण होतं. भयकथेतला खुनी निदान मी देव आहे असं सांगत नाही. देवानं राक्षस मारला, मग त्या राक्षसाच्या पोरांना जेवायला कोण घालायचं, असं मी शाळेत विचारलं होतं. गुरुजींनी त्याचं उत्तर पट्टीनं दिलं. तरी मी ती पुस्तकं वाचायची सोडली नाहीत. ज्याचा राग येतो ते मी दोनदा वाचते.

लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या उसाच्या गावात आले. कृष्णेचं पाणी, काळी जमीन आणि घरटी एक माणूस फौजेत. माझे थोरले दीर सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गावही त्यांना सुभेदारच म्हणतं. ताठ कणा, कडक इस्त्री, आणि घरात बोलतानाही समोर पलटण उभी असल्यासारखा आवाज. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, मी आक्का म्हणते. आम्ही नवरा-बायको नोकरीसाठी शिरवळला राहतो, पण सुट्टी आली की गावी. गावी गेलं की मी आणि आक्का शेंगा फोडायला बसणार आणि मी तिथवर वाचलेलं सगळं आक्कांना सांगणार, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं.

आक्कांना वाचता येतं, पण अक्षरं जोडत जोडत, तेवढा दम त्यांच्यात नव्हता. ऐकायला मात्र त्यांच्यासारखं माणूस नाही. घाबरणं त्यांना माहीतच नव्हतं. वाड्यात रात्रभर फिरणाऱ्या भुताची गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "ह्या भुताला कामधंदा न्हाई व्हय गं?" सवतीला विहिरीत ढकलणाऱ्या बाईची सांगितली तर चिडल्याच. "येडीच हाय! आता त्या हिरीचं पाणी कोण पिणार? इख घालायचं की." मी हसून हसून लोळायची. त्यांचा मुलगा तेव्हा लहान होता. तो आईच्या पाठीला चिकटून, दोन्ही कानांत बोटं घालून बसायचा आणि बोटं मधूनच सैल करून ऐकायचा. मग आठ दिवस एकटा परसात जायचा नाही. आक्का शिव्या मला द्यायच्या आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा, "सांग की गं," म्हणायच्या.

तो पोरगा मोठा झाला आणि फौजेत गेला. सुभेदारांच्या घरात पोराला काय व्हायचंय, असं विचारायची पद्धत नव्हती. भरती कवा हाय, एवढंच विचारत. शेवटच्या रजेवर आला तेव्हा आम्ही गावीच होतो. जायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आईसमोर बसून तो म्हणाला, "आई, मला न्हाई जायाचं परत." का, ते सांगितलं नाही. आक्कांनी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, की पोरगं नको म्हणतंय, चार दिवस राहू द्या. सुभेदार आत आले. म्हणाले, "पळून आलेल्याचा बाप म्हणून मी ह्या गावात फिरणार न्हाई. ऊठ." आणि स्वतः गाडी काढून त्याला साताऱ्याच्या स्टेशनावर नेलं, डब्यात बसवलं, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले. परत येऊन आम्हाला हे सगळं त्यांनीच सांगितलं, मोठ्या समाधानानं. काही महिन्यांनी डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत गेली.

ज्या दिवशी त्याला आणलं, त्या दिवशी सकाळपासून गल्लीत माणूस मावत नव्हतं. शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी, कॅमेरेवाले समोरच्या गच्चीवर. मी आत आक्कांचा हात धरून बसले होते. सुभेदार आत आले, दार लोटलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "रडायचं न्हाई. टीव्हीवाले आल्यात. सुभेदाराची बायकू हायस तू. डोळ्यातनं एक थेंब पडला तर पोराच्या मरणाला बट्टा लागंल." आक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "पाणी दे," आणि तोंड धुतलं. बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पेटी आली, घोषणा झाल्या, त्या उभ्याच. चितेला आग लागेपर्यंत डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या मागं एक बाई म्हणाली, "काय धीराची बाई हाय गं, वीरमाता!" मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्या हातात आक्कांचा हात होता म्हणून ती वाचली.

मग सत्कार सुरू झाले. गणपती मंडळ, शाळा, पतसंस्था, कुठल्याशा दुकानाचं उद्घाटन. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, साडी, आणि आक्कांच्या न रडण्याचं कौतुक. त्या शाली त्या ट्रंकेत टाकायच्या. "एवढ्या शाली दिल्यात," एकदा म्हणाल्या, "आता थंडी तरी पडाय पायजे." लोकांनी पुस्तकंही आणून दिली, दुःखातून कसं उठावं, मनाला कसं समजवावं असली. एक मी त्यांना वाचून दाखवायला घेतलं. आत्मा कपडे बदलतो, एवढंच काय ते त्यात होतं. आक्का म्हणाल्या, "कापडं बदलून कुठं गेलाय, ते लिवलंय का?" मी पानं चाळून म्हटलं, "न्हाई." "मग टाक तिकडं." मी ते पुस्तक बंबात घातलं. पाणी चांगलं तापलं.

त्या घटनेनंतर मी त्यांना गोष्टी सांगायच्या बंद केल्या होत्या. मेलेल्या माणसांच्या गोष्टी कुठल्या तोंडानं सांगणार? पण एक दिवस शेंगा पुढ्यात ओढत त्याच म्हणाल्या, "सांग की गं एखादी. लय वंगाळ असंल ती सांग." तेव्हा मला एक गोष्ट पक्की कळली. मला या बाईला रडवायचं होतं. बाकी काही नको होतं मला. नवऱ्यानं डोळ्यांवर घातलेलं कुलूप एकदा निघायला हवं होतं, आणि ते काढायचं हत्यार म्हणून माझ्याकडे होती फक्त पुस्तकं.

मग मी वाचलं ते फक्त त्यासाठी. पुण्याच्या दुकानातून मागवलं, फोनवर उतरवून घेतलं, वाचनालयातल्या मागच्या कपाटातून काढलं. पान उलटताना माझ्या मनात एकच, यानं आक्का रडतील का? मेलेल्या पोराला कपाटात लपवून रोज पावडर लावणारी आई. पोराला विकणारा बाप. पुरात पोराचा हात सोडणारी आणि पुढं आयुष्यभर तो हात धुणारी बाई. एकेक वाचताना माझी स्वतःची जेवणं गेली, ज्या मला भयकथेनं भूक लागायची त्या माझी. आक्का मात्र शेंगा फोडत ऐकायच्या. "हं. मग?" म्हणायच्या. एक कथा होती, एक आई पुरलेल्या पोराचं तोंड एकदा बघावं म्हणून हातानं माती उकरते. ती संपल्यावर आक्कांचा हात शेंगांवरच थांबला. मला आशा वाटली. मग म्हणाल्या, "तिला कुणी आडवलं न्हाई व्हय?" आणि पुढची शेंग फोडली. पेटी उघडू दिली नव्हती, ते मला तेव्हा आठवलं.

असं वर्ष गेलं आणि पंधरा ऑगस्ट आला. शाळेच्या मैदानावर झेंडावंदन, आक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर, खांद्यावर आणखी एक शाल. सुभेदारांना भाषणाला उभं केलं. आमच्याकडं श्रावणातल्या सोमवारी एक जुनी कथा वाचतात. एका राजाराणीच्या दारात जोगडा येतो आणि जेवायला त्यांचं एकुलतं एक पोर मागतो. आईबाप पोराला कापून रांधतात. जोगड्याचं तेवढ्यावर भागत नाही. मुंडकं राखून ठेवलंत, तेही उखळात कांडा म्हणतो, आणि कांडताना आईनं गाणं म्हणायचं, डोळ्यांतून थेंब पडला तर मी न जेवता उठून जाईन. आई गात गात कांडते. सुभेदारांनी ही कथा माईकवर सांगितली आणि म्हणाले, "त्या माऊलीनं जे केलं, तेच आमच्या घरच्या मंडळींनी केलं. थेंब पडू दिला न्हाई!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आक्कांकडे बघितलं. त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जसं एखादं माणूस पहिल्यांदाच नीट दिसावं.

घरी येताना त्यांनी मला विचारलं, "ती गोष्ट मी लय येळा ऐकलीया, पर ध्यान दिलं न्हवतं. पुढं काय करतो गं त्यो जोगडा?"

"पुढं म्हणतो, ज्या घरात पोर न्हाई त्या घरात मी जेवत न्हाई. हाक मारा तुमच्या पोराला."

"स्वताच खाल्ला की!"

"व्हय."

"आरं तुझ्या!" आक्का म्हणाल्या, आणि खांद्यावरची शाल ओढून काखेत मारली. खरं सांगायचं तर इतका नालायक पाहुणा मला कुठल्याच भयकथेत भेटलेला नाही. शेवटी तो देव निघतो, आईनं हाक मारली की पोर धावत येतं, आणि ऐकणारे डोळे पुसून प्रसाद खातात. पोर परत आलं म्हणजे सगळं माफ, हेच मला त्या कथेत सगळ्यात क्रूर वाटत आलंय.

आमच्या भावकीत ती पोथी वाचायची एक रीत आहे. श्रावणातल्या सोमवारी दुपारी बायका उपाशीपोटी जमतात. पोथीतली आई जिथं पोराला हाक मारते, तिथं वाचणारीनं थांबायचं. ज्या घरात वाचन असेल तिथल्या घरधनिणीनं उंबऱ्यात उभं राहून आपल्या पोराला तीनदा हाक मारायची. पोरानं अंगणातून "ओ" द्यायची, आत येऊन पाटावर बसायचं आणि त्याच्यापुढं वाढलेलं ताट संपवायचं. याला बाळाचं ताट म्हणतात. त्यात शीत उरता कामा नये. ताट रिकामं झालं की मगच पोथी पुढं सरकते, पोथीतलं पोर परत येतं आणि बायका उपवास सोडतात. मध्येच कुणी उठलं, तर पोथीतलं पोर भांड्यातच राहतं, असं मानतात. आक्कांचा मुलगा फौजेत गेल्यावर त्या फोनवरून हाक मारायच्या. तो तिकडून "ओ आई, आलो" म्हणायचा आणि ताट माझी लेक संपवायची.

आदल्या साली सुतकामुळं वाचन झालं नव्हतं. लागोपाठ दोनदा चुकवायचं नाही, म्हणून सुभेदारांनी यंदा ते आमच्याच घरी ठरवलं. ताटाचंही त्यांनीच ठरवलं. "धाकट्याच्या पोरीला हाक मारायची," त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आक्का मला तेवढं म्हणाल्या, "तूच वाच. समदं वाच, काय बी सोडू नगंस."

बायकांनी सोपा भरून गेला. सुभेदार नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीवर बसले, माझा नवरा त्यांच्या मागं उभा, माझी लेक बाहेर अंगणात. मी वाचायला लागले. एरवी मी ही पोथी झपाझप उरकते. त्या दिवशी एकेक शब्द सुटा सुटा वाचला. कापणं वाचलं, रांधणं वाचलं, उखळ वाचलं, पाहुण्याची अट वाचली. बायकांचे पदर नेहमीच्या ठिकाणी डोळ्यांना लागले. निपुत्रिकाच्या घरी जेवत नाही, ही ओळ मी दोनदा वाचली. पोथीत ती एकदाच आहे. सुभेदारांनी खुर्चीत पाय बदलला.

हाकेची जागा आली. मी थांबले. आक्का उंबऱ्यात गेल्या आणि त्यांनी हाक मारली. माझ्या लेकीला नाही. त्यांनी मुलाचं घरातलं नाव घेतलं, लहानपणी परसातून जेवायला बोलवायच्या त्याच सुरात. एकदा, दोनदा, तीनदा. अंगणात माझ्या लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. सोप्यात सगळ्या बायका खाली बघायला लागल्या.

"अगं, काय चाललंय हे?" सुभेदार म्हणाले. "पोरीला हाक मार."

आक्का वळल्या. "आवं, ओ द्या की."

"कुणी?"

"तुमी. त्यो म्हणत हुता मी जात न्हाई. तुमी न्हेऊन बसवला गाडीत. आता त्येच्या वतीनं तुमीच ओ द्या."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "वाच गं पुढं."

"ताट संपल्याबिगार पोथी पुढं जात न्हाई, भावजी," मी म्हटलं. हे म्हणताना मला आनंद झाला.

कोणी हलेना. ऊन उतरायला लागलं होतं, बायका सकाळपासून पाण्यावर होत्या. शेवटी भावकीतली एक म्हातारी भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाली, "द्या ओ, सुभेदार. बाया उपाशी हायत."

आणि सुभेदार "ओ" म्हणाले. त्या माणसाचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते उठून पाटावर बसले. आक्कांनी ताट आणलं. वरणभात, घेवड्याची भाजी, पोळी, शेवयांची खीर. सगळं मुलाच्या आवडीचं केलं होतं, ते आमच्यापैकी ज्यांना माहीत होतं त्यांना वास आल्याबरोबर कळलं. त्यांनी पहिला घास घेतला, गिळला. दुसऱ्या घासाला त्यांची हनुवटी हलायला लागली. डोळे भरून आले.

"रडायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. त्या बाजूला वाढायची पळी घेऊन उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. "बाया बघत्यात. थेंब पडला तर पयल्यापास्नं वाढीन."

थेंब पडला, भातावरच. आक्कांनी ताट उचललं, आत नेलं, दुसरं वाढून आणलं. सुभेदारांनी त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. त्यांना वाटलं असेल, की झालं एवढं पुरे. आक्का म्हणाल्या, "जेवा." ते जेवायला लागले आणि पुन्हा तेच झालं. पुन्हा ताट गेलं, पुन्हा आलं. माझा नवरा तोंड वळवून अंगणात गेला. बायका कुजबुजल्या, एक उठायला लागली, तर म्हातारीनं तिला हाताला धरून खाली बसवलं, पोथी अर्ध्यावर होती. मी नजर काढली नाही. मला दया आली नाही. आली असती तर मी पुढं वाचून ते संपवू शकले असते, रीत गेली खड्ड्यात. मला पोथी मांडीवर धरून ते बघायचं होतं.

शेवटी सुभेदार जेवले. डोळे कोरडे, भिंतीवर कुठंतरी लावलेले, घासामागून घास, पाहुण्यानं बजावल्याप्रमाणे. वाटी पुसून खीर संपवली. ताटात शीत ठेवलं नाही. आक्कांनी ताट उचलून निरखून बघितलं आणि मला म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. पोथीतलं पोर धावत आलं, आईच्या गळ्यात पडलं, पाहुण्यानं आपलं खरं रूप दाखवलं. बायकांनी हात जोडले, आरती झाली, सगळ्या जेवल्या. निघताना प्रत्येकीनं आक्कांच्या पाया पडायच्या ऐवजी नुसताच नमस्कार केला, लांबून. सुभेदार पाटावरून उठले नव्हते.

सगळी गेल्यावर मी आणि आक्का परसात भांडी घासायला बसलो. अजून उजेड होता. मी घासणी खाली ठेवली आणि म्हटलं, "आक्का, आता रडा. हितं कोण न्हाई. मी बी आत जाते."

"येत न्हाई गं," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"येतच न्हाई. न्हाणीत दार लावून, नळ सोडून बसून बघितलं. तू सांगितलेल्या गोष्टीला बघितलं. म्हटलं, आज त्येंच्याकडं बघून तरी येईल." त्यांनी ते ताट पाण्यातून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "त्येंला कसं गं पटदिशी आलं?"

त्या खरंच विचारत होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. मी ताट पुसलं आणि पालथं घातलं.